पोटमाळ्यावरचं खोकं: कार्डांच्या मागच्या बाजू आधी स्कॅन करा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि नंतर झोप लागेना. अमेरिकेत इलिनॉयमधल्या शेतकरी गावात जुनं घर घेतलंत, पोटमाळ्यावर बुटांच्या खोक्यात दीडशेक पोस्टकार्डं आणि काळ्या पानांचा अल्बम निघाला. आता फोटो सोडवून, स्कॅन करून, खोकं काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) संग्रहालयाला देऊन टाकावं का, असं तुम्ही विचारलंय. नेमकं हेच मी २०११ साली केलं. आयोवात, चहूकडे मका असलेल्या जेमतेम नऊशे वस्तीच्या गावात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर ते कार्यालय लगेच ओळखू येईल आणि तिथले सगळेच काही वाईट नव्हते.

मी ग्रंथपाल नाही आणि वकीलही नाही, त्यामुळे पुढचं सगळं एका पोळलेल्या बाईचं मत म्हणून वाचा. स्कॅनर कुठला, फाइल कुठली ठेवायची हे तुम्हाला माहीत असणारच (६०० डीपीआय, टिफ), त्यात वेळ घालवत नाही.

आमच्या शेजारच्या आजी वृद्धाश्रमात गेल्या तेव्हा त्यांनी ते खोकं माझ्या हातात दिलं. १४३ कार्डं. तीन शनिवार-रविवार बसून मी सगळी स्कॅन केली, पण फक्त चित्राची बाजू. चित्रंच तशी होती. रेल्वे डेपोच्या फलाटावर दुधाचे कॅन, धान्याच्या एलेव्हेटरपुढे (धान्य साठवायच्या उंच कोठारापुढे) घोडागाड्यांची रांग, वाफेच्या इंजिनावर चाललेली मळणी आणि तिच्याभोवती भुसकटाने माखलेली वीस-बावीस माणसं. मागे पेन्सिलीने काहीतरी टोकदार, खालीवर रेघांसारखं लिहिलेलं. मला ते गिचमिड वाटलं. ते कुरेंट होतं, जर्मन लोकांची जुनी हातलिपी. मोडी वाचता येत नाही म्हणून आजोबांचे कागद रद्दीत घातलेली घरं मी आपल्याकडे पाहिली आहेत, हळहळलेही आहे. आणि इथे येऊन मी तेच केलं.

काय गमावलं ते मला दोन वर्षांनी कळलं. पहिलं महायुद्ध चालू असताना, २३ मे १९१८ ला, आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी जाहीरनामा काढला: शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, रेल्वेत, टेलिफोनवर आणि प्रार्थनेतसुद्धा इंग्रजीच बोलायची. लोक त्याला बेबल जाहीरनामा म्हणतात, बायबलमधल्या भाषांच्या गोंधळाच्या गोष्टीवरून. जर्मन शेतकऱ्यांनी भरलेल्या राज्यात हा हुकूम! ते वाचलं आणि मला त्या खोक्यातलं एक अक्षर आठवलं. काही कार्डांवर जर्मन, काहींवर त्याच हातचं मोडकंतोडकं इंग्रजी. ती बाई आधी जर्मन लिहीत होती आणि १९१८ नंतर घाबरून इंग्रजीकडे वळली, की माणूस बघून भाषा बदलत होती? हे सांगणारे टपालाचे शिक्के मागच्या बाजूला होते. माझ्याकडे आहेत ती १४३ सुंदर चित्रं.

मूळ कार्डं का तपासली नाहीत, असं विचाराल. कारण ती मी एका स्थानिक इतिहास जपणाऱ्या कार्यालयाला देऊन टाकली होती. कागद नाही, सही नाही, नुसतं तोंडी ‘फार आभारी आहोत’. परत गेले तेव्हा खोकं मोडलेलं होतं. चर्चची कार्डं चर्चच्या फायलीत, रेल्वेची रेल्वेच्या. अल्बम पानापानाने सोडवून टाकलेला. आणि ज्या कार्डांवर गावाचं नाव छापलेलं नव्हतं ती ‘आपल्या भागातली नाहीत’ म्हणून उन्हाळ्यातल्या निधी-विक्रीत एकेक डॉलरला विकलेली! माणसांची, अंगणांची, गोठ्यांची कार्डं नेमकी त्यातच होती. मी चार ईमेल लिहिले. आधीचे स्वयंसेवक आता येत नाहीत, असं एक उत्तर आलं. दुसरं आलं, की बुधवारी दुपारी वेळ घेऊन या. दोन बुधवार गेले, दोन्ही वेळा दाराला कुलूप. अजून लिहिताना हात थरथरतो.

‘नाव छापलेलं नाही’ म्हणून कार्ड बाजूला काढणं किती चुकीचं, ते सांगते. कोडॅकने १९०३ साली थ्री-ए नावाचा घडीचा कॅमेरा काढला, त्याची निगेटिव्ह सव्वातीन बाय साडेपाच इंचांची, म्हणजे पोस्टकार्डाएवढीच. गावातला हौशी माणूस आपल्याच घराचा, गाईचा, बाळाचा फोटो थेट पोस्टकार्डाच्या कागदावर छापायचा. दोन-चार प्रती, कधी एकच. त्यावर गावाचं नाव कोण छापणार? खेड्यांत घरपोच टपाल १९०२ मध्ये कायमचं झालं, कार्डाला एक सेंट पुरायचा. ३० जून १९०८ ला संपलेल्या वर्षात अमेरिकेत ६७ कोटींहून जास्त कार्डं टपालात पडली, तेव्हा लोकसंख्या नऊ कोटीही नव्हती. त्या ढिगातलं बरंचसं रंगीत छापील होतं. भिंग धरा: ठिपके दिसले तर छापील, सलग करडा रंग दिसला तर खरा फोटो. खरा फोटो असेल तर जगातली ती शेवटची प्रत आहे असं समजूनच हाताळा.

म्हणून तुम्ही आज काहीही सोडवू नका. खोक्यात कार्डं ज्या क्रमाने आहेत त्याचा आधी फोनवर फोटो काढा, मग वरून खाली पेन्सिलीने हलके आकडे घाला (बॉलपेन अजिबात नको). दोन्ही बाजू स्कॅन करा, कोऱ्या असल्या तरी. कोऱ्या बाजूलाही तिकिटाच्या चौकटीत कागदाचं नाव असतं. ‘अझो’ लिहून चौकटीच्या कोपऱ्यांतले चारही त्रिकोण वर टोक केलेले असतील तर कागद साधारण १९०४ ते १९१८ मधला, दोन वर दोन खाली असतील तर त्यानंतरचा. मागची बाजू मधोमध विभागलेली नसेल, तर कार्ड बहुधा मार्च १९०७ च्या आधीचं. तोवर तिथे फक्त पत्ता लिहायची मुभा होती, त्यामुळे निरोप चित्राच्या कडेने कोंबलेला सापडेल. शिक्क्याची तारीख म्हणजे फोटोची तारीख नव्हे, एवढं लक्षात असू द्या.

अल्बमचं प्रत्येक पान अख्खं स्कॅन करा. चिकटलेला फोटो ओढलात तर मागचं अक्षर पानालाच राहतं.

गाडीवर मक्याचं एकच अवाढव्य कणीस लादलंय अशा चित्राच्या कार्डाबद्दलही तुम्ही विचारलंत. ते तुमच्या गावचं नसावं. ऑटवा, कॅन्ससचे छायाचित्रकार विल्यम मार्टिन १९०८ च्या सुमारास फोटो जोडून असली कार्डं करायचे आणि ती मिडवेस्टभर, म्हणजे या सगळ्या शेतकरी राज्यांत, खपायची. पण फेकू नका, कुणाला काय लिहून पाठवलं ते मागे असेल.

रस्ता ओळखायला सॅनबोर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे बघा, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी. आमच्या मेन स्ट्रीटवरचा कोपरा मला त्यावरूनच सापडला.

द्यायचंच असेल तर लेखी देणगीपत्राशिवाय देऊ नका. त्यात तीन गोष्टी हव्यात: संग्रह एकत्र राहील, मूळ क्रम नोंदवला जाईल, नको झालं तर विकण्याआधी तुम्हाला परत मिळेल. सही करायला कुरकुर करणाऱ्या जागेला माझ्या मते देऊच नये, मग ती कितीही जवळ असो. राज्याच्या ऐतिहासिक संस्थेला किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाला विचारा, तिथे निदान नोंदवही असते. कुणी म्हणेल मी फार कडक बोलतेय, असेलही.

आणि मागे टोकदार रेघा दिसल्या तर मला कळवा. त्या फटक्यानंतर मी कुरेंट शिकले. हळू वाचते, पण वाचते.