ब्रिटनची गाडी फ्रान्सला नेताना हेडलाइटचं काय करायचं?

मित्र म्हणतो हेडलाइटवर स्टिकर लावल्याशिवाय निघू नका, गॅरेजवाला म्हणतो काही लागत नाही, आणि ऑक्टोबरच्या सुट्टीत तुम्ही लेस्टरहून गाडी घेऊन फ्रान्सला चाललाय. खरं कोणाचं, हा तुमचा प्रश्न. दोघांचंही खरं असू शकतं. दिवे कोणत्या जातीचे आहेत त्यावर सगळं ठरतं, म्हणून दुकानात जाण्याआधी गाडीपुढे जाऊन उकिडवे बसा.

आधी भानगड काय ते सांगतो. गाडी रात्री भिंतीपासून चार-पाच मीटरवर उभी करून लो बीम लावा. प्रकाशाची वरची कड मध्यापर्यंत आडवी दिसेल आणि तिथून डावीकडे साधारण 15 अंशांनी वर चढेल. डाव्या कडेचा माणूस, पाटी, सायकलवाला लांबून दिसावा म्हणून ती मुद्दाम तशी ठेवलेली असते. फ्रान्समध्ये आपण उजवीकडून चालवतो, म्हणजे डाव्या बाजूने समोरची वाहनं येतात आणि तो चढलेला तुकडा सरळ त्यांच्या डोळ्यांत. हाय बीम दोन्हीकडे सारखाच पडतो, त्याचा इथे संबंध नाही.

2011 साली पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हे ऐकून माहीत होतं, पण "बघू तिकडे गेल्यावर" म्हणून स्टिकरचं पाकीट डिकीतच राहिलं. नॉर्मंडीतल्या एका दुपदरी रस्त्यावर अंधार पडला आणि समोरचा प्रत्येक जण डिपर मारायला लागला. बायको म्हणाली, "अहो, इथे आपल्याला एवढे लोक ओळखतात?" हाय बीम चालू राहिलाय असं समजून मी दोनदा दांडी ओढून पाहिली. शेवटी एका पेट्रोल पंपावर थांबून मोबाइलच्या उजेडात स्टिकर चिकटवले, तेही एक उलटा. पुढचे चाळीस किलोमीटर डिपर खातच गेलो.

तर, उकिडवे बसल्यावर हेडलाइटच्या काचेवर बारीक अक्षरं शोधा. वर्तुळात 'ई' आणि एक आकडा असतो, तो फक्त मंजुरी कोणत्या देशाने दिली ते सांगतो (1 म्हणजे जर्मनी, 11 म्हणजे ब्रिटन), त्यावरून दिवा कोणत्या बाजूचा ते कळत नाही. ते सांगतो त्याच्या आसपासचा बाण. दिव्याकडे तोंड करून पाहताना बाणाचं टोक तुमच्या उजवीकडे असेल तर दिवा फक्त डावीकडून चालण्याच्या देशांसाठी. दोन्ही टोकं असलेला बाण असेल तर दिवा दोन्हीकडे चालतो, पण बहुतेक वेळा तो आपणच बदलावा लागतो. ही 'पण' लोक विसरतात.

बदलायचा कसा, ते गाडीच्या पुस्तकात असतं. काही प्रोजेक्टर (गोल भिंगाच्या) दिव्यांत मागचं झाकण काढलं की छोटी खिट्टी असते, ती सरकवली की चढलेला तुकडा खाली बसतो. एलईडी दिव्यांच्या बऱ्याच गाड्यांत स्क्रीनवरच्या मेनूत 'डावी/उजवी वाहतूक' किंवा 'ट्रॅव्हल' असा पर्याय मिळतो. काही गाड्या जीपीएस पाहून स्वतःच बदलतात, आणि काहींच्या पुस्तकात चक्क लिहिलेलं असतं की काहीच करू नका. तुमचा गॅरेजवाला बहुधा अशाच गाडीबद्दल बोलत असेल. काहीही केलंत तरी भिंतीसमोर परत उभं राहून डावी कड खाली आली का ते पाहाच. डॅशबोर्डवरचं 0 ते 3 चं चाक फिरवून काम भागत नाही. त्याने अख्खा झोत खाली जातो, तुकडा तसाच चढलेला राहतो. डिकीत सामान भरल्यावर मात्र ते जरूर फिरवा.

साधे हॅलोजन दिवे असतील तर मित्राचे स्टिकर, ते तो चढलेला तुकडा अडवतात. पाकिटातल्या चित्रात तुमचं मॉडेल शोधा, घरीच उजेडात, काच पुसून कोरडी करून लावा. फेरीच्या टर्मिनलवरच्या दुकानातही मिळतात, पण रांगेत उभं राहून नेमकं मोजमाप होत नाही. दिवा तापतो आणि हल्ली काच प्लास्टिकची असते, म्हणून पुस्तकात स्टिकरला मनाई आहे का तेही बघा. ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे गेली की कॅलेकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा "आम्ही दिवसाच चालवू" यावर विसंबू नका.

बाकी रिफ्लेक्टिव्ह जाकीट आणि त्रिकोण गाडीत हवेतच, आणि नंबरप्लेटवर 'यूके' नसेल तर मागे ते स्टिकर. 'जीबी' 2021 पासून चालत नाही.

परत आल्यावर दिव्यांचे स्टिकर त्याच आठवड्यात काढा, नाहीतर इथे डाव्या कडेला अंधार राहतो आणि एमओटीतही (गाडीच्या वार्षिक तपासणीत) अडतं. हेअर ड्रायरने कोमट करून नखाने सोला, थिनर लावू नका. मी महिनाभर ठेवले होते, त्या गाडीच्या एका काचेवर गोंदाचा त्रिकोण विकेपर्यंत होता.

मॉडेल, साल आणि बाण कसा आहे ते लिहा, म्हणजे खिट्टी कुठे असेल ते सांगता येईल.