मागोमे ते त्सुमागो ही जपानमधली जुनी वाट अर्ध्या दिवसात उरकून संध्याकाळी क्योतो गाठता येईल का?

येईल. पण 'उरकून' हा शब्द खटकला, म्हणून लिहायला बसलो.

राजगड-तोरणा केलेल्या माणसाला 8 किलोमीटर म्हणजे डाव्या हातचा मळ, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. दमायला होणार नाही. एदो, म्हणजे आजचं तोक्यो, आणि क्योतो यांना डोंगरातून जोडणारा नाकासेंदो हा सुमारे 530 किलोमीटरचा राजमार्ग. त्यावर मुक्कामाची 69 गावं होती. त्सुमागो 42वं, मागोमे 43वं. नागोयाहून आगगाडीने नाकात्सुगावा, तिथून बसने मागोमे, आणि तिथूनच चालायला लागा. मागोमे साधारण 600 मीटर उंचीवर आहे, खिंड 800च्या आसपास आणि त्सुमागो त्याहून बरंच खाली. उलट निघालात तर चढ जवळपास दुप्पट.

सामानाची चिंता नको. सकाळी मागोमेच्या पर्यटन कार्यालयात बॅग दिली की पैसे घेऊन ती त्सुमागोला पोचवतात. हिवाळ्यात मात्र ही सोय बंद असते.

मी पहिल्यांदा तुमच्यासारखाच गेलो होतो, चारची गाडी डोक्यात ठेवून. वाटेत जागोजागी अस्वलांसाठी पितळी घंटा टांगल्यात. देवळात शिरताना वाजवतो तशी वाजवायची, म्हणजे अस्वल आधीच बाजूला होतं. मी त्याही घाईघाईत बडवत सुटलो. खिंडीपलीकडे एका जुन्या घरात येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट चहा देतात, मध्ये चूल धुमसत असते. तिथल्या आजोबांनी बसा म्हणून खूण केली आणि मी घड्याळ दाखवलं! आजही आठवलं की ओशाळायला होतं.

दुसऱ्या खेपेला, नोव्हेंबरात, त्सुमागोत राहिलो. रेल्वे आली, राजमार्ग मागे पडला आणि हे गाव ओस पडत चाललं होतं. 1968 पासून घरांची डागडुजी सुरू झाली, आणि 1971 मध्ये गावकऱ्यांनी आपसात ठरवलं: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. विजेच्या तारा नजरेआड नेल्या. दिवसा मुख्य रस्त्यावर गाड्यांना बंदी आहे. मागोमेचं तसं नाही. 1895 आणि 1915 च्या आगींत ते जळालं, त्यामुळे फरसबंदी चढ आणि पाणचक्की कितीही देखणी असली तरी घरं नंतरची आहेत. माझ्या मते म्हणूनच मागोमेत फोटो काढावेत आणि मुक्काम त्सुमागोत करावा. पाचच्या सुमारास दुकानांच्या फळ्या लागतात, दिवसाची गर्दी बसने निघून जाते, आणि मग लाकडी जाळ्यांमागे दिवे लागतात. त्या रस्त्यावर मी फक्त इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत होतो.

राहायला घरगुती 'मिन्शुकु' मिळतात, जेवण त्यांच्याकडेच. खोल्या थोड्या असल्याने आधी ठरवा, आणि रोख येन जवळ ठेवा.

शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा, तिथे पोचल्यावर नाही. सोबा नूडल्सच्या रश्श्यात बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो. वाटेत गोहेई-मोची मात्र दिसली की विचारून घ्या: कुटलेला भात काडीवर थापून, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) किंवा सोया सॉस आणि अक्रोडाचं वाटण लावून निखाऱ्यावर भाजतात. मी तीन खाल्ल्या.