ख्रिस्ती लोक म्हणतात, संकटातून आत्मिक वाढ होते. खरंच होते, की नुसती मनाची समजूत?

दादा, मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार. आजोबांपासून आमचं घर ख्रिस्ती. मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही, वावरातला माणूस आहे, तेव्हा माझं म्हणणं तेवढ्याच मापानं घ्या.

होते. पण आमच्या सभांमध्ये साक्षी, म्हणजे देवाचे आलेले अनुभव, सांगतात तशी नाही. साक्षीत संकट पाच मिनिटं चालतं आणि लगेच "प्रभूनं सोडवलं" येतं. माझ्याकडे तो दुसरा भाग नव्हताच.

2017 ला गुलाबी बोंडअळी आली. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, बाहेरून हिरवीगार, बोंड फोडलं की आत अळी आणि किडलेली सरकी. पाच एकरांत निघाली ती बहुतेक कवडी, म्हणजे किडका कापूस. त्याच दिवाळीत बाबांना लकवा मारला, वाचा गेली. प्रार्थनेला आलेल्या एका बाहेरगावच्या उपदेशकानं खाटेपाशी उभं राहून विचारलं, "घरात काही लपवलेलं पाप आहे का?" मी त्यांना चहा पाजला आणि उपासनेला जाणं सोडलं. (बायबलात ईयोब नावाच्या सज्जन माणसावर संकटं कोसळतात; त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर चांगले होते. तोंड उघडलं आणि बिघडलं.)

नाताळाच्या आधी आमच्याकडे हंगामाचा सण असतो. जो तो आपल्या पिकातलं काहीतरी आणून पुढे ठेवतो. तुरीच्या शेंगा, भोपळा, एखादा कोंबडा. उपासना झाली की त्यांचा लिलाव. त्या वर्षी मी चुंगडीभर कवडी नेऊन ठेवली. भक्ती वगैरे काही नव्हती, राग होता. तूच दिलंस, आता तूच बघ. पाळकांनी चुंगडी बाजूला सरकवली नाही. बाकीच्यांच्या अर्पणासोबत तिच्यावरही हात ठेवून प्रार्थना केली. लिलावात एका म्हातारीनं ती उशी भरायला पन्नास रुपयांत घेतली, तेही घासाघीस करून.

घरी येताना डोक्यात एकच होतं, की देवापुढे हेही ठेवता येतं तर.

मग पाळकांनी हबक्कूक वाचायला सांगितलं, बायबलातलं एका संदेष्ट्याचं पुस्तक. इनमिन तीन अध्याय. सुरुवातच तक्रारीनं, मी किती काळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस? शेवटी तो म्हणतो, अंजीर फुललं नाही, द्राक्षं नाहीत, जैतून बुडालं, शेतात दाणा नाही, गोठ्यात जनावर नाही, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. मी दोनदा पाहिलं, पीक कुठंच परत येत नाही. येशूचा प्रेषित पौल, त्यानंही आपल्या देहातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं. निघाला नाही, कृपा पुरे एवढंच उत्तर मिळालं. रोमकरांच्या पत्रात तो संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा असा क्रम लावतो. आशा सगळ्यात शेवटी. आम्ही ती पहिल्याच दिवशी मागतो, अन् मिळाली नाही की श्रद्धा कमी पडली म्हणतो.

संकट आपोआप कुणाला मोठं करत नाही, हेही सांगतो. आमच्याच भागात त्या वर्षी फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. त्यांच्या घरी जाऊन वाढीच्या गोष्टी सांगायची माझी तरी हिंमत नाही. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना सोबत घेऊन आल्या. वाढ म्हणायची तर मी तिला म्हणेन. माझी तिच्यापुढे चिमूटभर. गावात कुणाकडे आजारपण आलं की डबा घेऊन जातो, बसतो आणि पापाबद्दल विचारत नाही.

बाबा 2019 ला गेले. वाचा शेवटपर्यंत आली नाही. संध्याकाळी मी त्यांना बायबलातली स्तोत्रं वाचून दाखवायचो. तेविसावं, "परमेश्वर माझा मेंढपाळ" हे, लागलं की त्यांचे ओठ हलायचे. अठ्ठ्याऐंशीवं अंधारातच संपतं; ते वाचताना ते माझं मनगट धरून ठेवायचे. मी दोन्ही वाचायचो.