बारसं थांबेल, सोडियमची तपासणी थांबवू नका

ताई, भावाचं बाळ पाच दिवसांचं आहे, मुलगा की मुलगी हे डॉक्टरांना नक्की सांगता येत नाही, अंडगोळ्या हाताला लागत नाहीत, एका सर्जननी लवकर ऑपरेशन सुचवलंय आणि आईंना बाराव्या दिवशीच बारसं हवंय, असं तुम्ही लिहिलंय. आत्या म्हणून नाव तुम्हीच ठेवायचं, तेव्हा हे सगळं तुमच्या डोक्यावर आलंय. माझी मुलगी अशीच जन्मली, इथेच पुण्यात. आता ती अकरावीत आहे आणि तिला विचारूनच लिहितेय.

सोडियम, पोटॅशियम, साखर आणि १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन या रक्ततपासण्या झाल्यात का, हे आजच विचारा. यातली शेवटची तपासणी जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत फसवी येऊ शकते, पण पाचव्या दिवशी तिचा उपयोग होतो. अंडगोळ्या लागत नसतील तर डॉक्टरांनी पहिला संशय कंजेनायटल ॲड्रिनल हायपरप्लेजियाचा (सीएएच) घ्यायला हवा. मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीत एक एन्झाइम कमी असतं. त्यामुळे कॉर्टिसोल हे हार्मोन आणि बऱ्याचदा शरीरात मीठ राखणारं अल्डोस्टेरॉनही पुरेसं तयार होत नाही, आणि पुरुषी हार्मोन मात्र जास्त तयार होतं. अशा बाळाची गुणसूत्रं एक्सएक्स, म्हणजे मुलीची असतात, गर्भाशय आणि अंडाशय जागच्या जागी असतात, फक्त बाहेरचा भाग वेगळा दिसतो.

धोका त्या दिसण्यात नाही, मिठात आहे. लघवीतून सोडियम जात राहतं, रक्तात पोटॅशियम चढतं, आणि साधारण दुसऱ्या आठवड्यात बाळ ओकायला लागतं, दूध ओढत नाही, मलूल पडतं. म्हणजे नेमकं बारशाच्या सुमारास. अशा वेळी 'पोट बिघडलंय' म्हणून घरी ग्राइप वॉटर पाजत बसलं तर बाळ हातचं जाऊ शकतं. वजन रोज करा. उलट्या सुरू झाल्या तर रात्र असो की दिवस, थेट हॉस्पिटल गाठा. निदान झालं की हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन सुरू करतात, तान्ह्या बाळाला वरून मीठही देतात. औषध जन्मभर चालतं, ताप आला की डोस वाढवावा लागतो, इंजेक्शन घरात ठेवावं लागतं. आमच्याकडे हे अंगवळणी पडलंय.

तपासणी तशी आली नाही तर कारण दुसरं असेल. गुणसूत्रांचा रिपोर्ट आणि सोनोग्राफी लागेल. मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांना, म्हणजे पीडियाट्रिक एंडोक्रायनॉलॉजिस्टना, यात आत्ताच घ्या.

वहिनींना कुणी ग्रहणात भाजी चिरलीस का विचारत असेल, तर तिथेच गप्प करा. पोटात सहा आठवड्यांपर्यंत प्रत्येक गर्भाची जननग्रंथी सारखीच असते, दोन्हीकडे वळू शकणारी. पुढे वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय जनुक (ते १९९० साली सापडलं) असेल तर साधारणपणे तिचं वृषण बनतं, नसेल तर अंडाशय. बाहेरच्या एकाच उंचवट्यापासून शिश्न किंवा शिश्निका घडते, आणि ते ठरतं हार्मोनवर. या वाटेवर कुठल्याही टप्प्याला वेगळं वळण लागू शकतं. सीएएचमध्ये सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून येतं, तेव्हा एकट्या वहिनींना बोल लावण्यात काही अर्थ नाही. पुढच्या प्रत्येक गर्भारपणात शक्यता २५ टक्के असते, म्हणून जनुकीय सल्ला मात्र घ्या.

आता ऑपरेशन. लघवीचा मार्ग अडला असेल तर गोष्ट वेगळी. केवळ बाहेरचं रूप 'नीट' करण्यासाठी या वयात सुरी लावू देऊ नका, हे मी अगदी ठाम सांगते. कापलेली संवेदना परत येत नाही, व्रण राहतात, पुन्हा ऑपरेशनं करावी लागू शकतात, आणि मोठेपणी ते मूल स्वतःला काय मानेल हे आज कुणालाच माहीत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०१९ ला याच कारणावरून अशा बाळांवरच्या ऑपरेशनांना मनाई करायला सांगितलं आणि तामिळनाडू सरकारने तसा आदेश काढला. महाराष्ट्रात तसा आदेश आहे असं समजून गाफील राहू नका. इथे नाही म्हणायचं काम आईवडिलांचं आहे. आम्हालाही एका ठिकाणी 'शाळेत जायच्या आत उरकून टाका' म्हणाले होते. आम्ही नाही उरकलं. पुढचं काय ते लेक ठरवेल.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण त्यात नाव लगेच लागत नाही. बारा महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येतं, नंतरही विलंब शुल्क भरून. आईंना बारसं करायचंच असेल तर बाळाची तब्येत स्थिर झाल्यावर पाळण्यात किरण किंवा शीतल म्हणा, कुर्र करा, पेढे वाटा. बाळ आलंय, त्याचा आनंद रिपोर्टपर्यंत कशाला अडवून ठेवायचा?

आणि एक, वॉर्डात प्रत्येक राउंडला नवनवे विद्यार्थी येऊन लंगोट सोडून बघतील, कुणी मोबाइल काढेल. उपचार करणाऱ्या डॉक्टरांखेरीज कुणालाही दाखवायचं नाही आणि फोटो काढायचा नाही, हे भावाला फाइलवर लिहून द्यायला सांगा.