वीजबिलातलं ‘युनिट’ म्हणजे शक्ती की ऊर्जा?

ऊर्जा. गोंधळ होतो तो ‘किलोवॅट’ या शब्दामुळे. वॅट हे शक्तीचं एकक, म्हणजे दर सेकंदाला किती ज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचं एकक). बिलातलं युनिट मात्र किलोवॅट-तास असतं: शक्ती गुणिले वेळ. २००० वॅटचा गीझर अर्धा तास चालला की १ युनिट पडतं. १० वॅटच्या एलईडी बल्बला तेवढ्यासाठी १०० तास लागतात.

१ युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. हा आकडा नुसता पाठ करू नका, विहिरीच्या काठावर उभं राहून बघा. पाणी १० मीटर खोल, भरलेली बादली १५ किलोची. ती वर ओढायला साधारण १४७० ज्यूल कार्य करावं लागतं (रहाटाचं घर्षण सोडून). म्हणजे एका युनिटात जवळजवळ २४५० बादल्या!