वर्ष थांबवून काय मिळणार?

(यावल तालुक्यातल्या एका केळी बागायतदार वडिलांचं पत्र, थोडक्यात: "मुलीचा इलेक्ट्रिकल डिप्लोमा ९१ टक्क्यांनी झाला. डायरेक्ट सेकंड इयरला (डिप्लोमानंतर थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला) पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद आणि अंधेरीचं सरदार पटेल असे चारच पर्याय भरायचं ठरलं होतं. ओबीसीच्या सवलतीला लागणारा नॉन-क्रिमीलेअरचा दाखला वेळेत आला नाही, पावतीवर फॉर्म भरला, मग नाव ओबीसीतून ओपनमध्ये गेलं. चारही ठिकाणी लागलं नाही. तिने आम्हाला न विचारता पाचवा पर्याय जळगावचं शासकीय कॉलेज टाकला होता, शेवटच्या फेरीत तेच लागलं. माझ्या भावाचा मुलगा सीओईपीला आहे, आम्ही सगळ्या नातलगांना सांगून बसलो होतो. तिचा मामा म्हणतो ड्रॉप घ्या. पुण्याचा एक जण एआयची सीट देतो म्हणतो, फी सोडून दोन लाख. की जळगावला नाव घालून पुढच्या वर्षी पुण्याला ट्रान्सफर करावी? पोरगी दहा दिवस झाले खोलीबाहेर येत नाही, धड जेवत नाही. रोज समजावतो, आता तरी सुधार म्हणून.")

भाऊ, नमस्कार.

तुमच्या पत्रात कॉलेज आधी आलं, नातलग मग आले आणि मुलीचं जेवण सगळ्यात शेवटी आलं. मी शेवटापासून सुरुवात करते.

"आता तरी सुधार" म्हणजे तिने नेमकं काय सुधारायचं? ९१ टक्के? झालेल्या गोष्टींचा हिशेब एकदा नीट मांडू. नॉन-क्रिमीलेअरचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, त्याला तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद लागतात, आणि प्रवेशाच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत त्याची मुदत असावी लागते. पावतीवर फॉर्म भरता येतो हे खरं, पण ठरलेल्या तारखेच्या आत मूळ दाखला दाखवला नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात जातो. सहाव्या सत्राची परीक्षा देणारी मुलगी सेतू केंद्राच्या रांगेत उभी राहणार होती का? एप्रिल-मेमध्येच उरकायचं ते काम होतं, आणि घरातल्या मोठ्या माणसाचं होतं. दाखला वेळेत आला असता तर सीओईपी मिळालंच असतं असं मी म्हणत नाही. पण जी चूक तिची नाही तिच्यावरून दहा दिवस बोलणी तीच खाते आहे.

दुसरी गोष्ट त्या पाचव्या पर्यायाची. तुम्ही ती तक्रारीच्या सुरात लिहिली आहे. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात तुमच्या घरात कोणी शहाणपणा दाखवला असेल तर तो तिने, त्या एका ओळीत. तो पर्याय नसता तर आज हातात कुठलीच शासकीय जागा नसती.

पुतण्याची तुलना आजपासून बंद करा. तो बहुधा बारावीनंतर सीईटी देऊन पहिल्या वर्षाला गेला असेल. ती रांग वेगळी, ही वेगळी. डिप्लोमावाल्यांसाठी मंजूर जागांच्या साधारण १० टक्के जादा जागा असतात, त्यात पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागा मिळवायच्या. नावाजलेल्या कॉलेजात रिकामं जवळजवळ काही राहतच नाही. म्हणजे ६० जणांच्या शाखेत सहा जागा. त्या सहा पुन्हा आरक्षणाप्रमाणे वाटल्या जातात, खुल्या वर्गाला दोन-तीन उरल्या तर नशीब. त्यासाठी अख्ख्या महाराष्ट्रातले नव्वदीच्या वरचे डिप्लोमावाले उभे असतात. तिथे नाव लागलं नाही याचा अर्थ जागा संपल्या, एवढाच.

तुमच्या पत्रात तिच्या तोंडचं एकही वाक्य नाही. आज संध्याकाळी एवढंच विचारा: "जळगाव का टाकलंस?" आणि उत्तर पुरं होईस्तोवर गप्प बसा. नातलगांचा फोन आला तर तिच्यादेखत सांगा, "जळगावच्या शासकीय इंजिनिअरिंगला लागली." त्यापुढे "पण" लावू नका. जेवण-झोप आणखी आठवडाभर अशीच राहिली, किंवा "मी नसते तर बरं झालं असतं" असलं काही ती बोलली, तर वाट बघू नका. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फुकट नंबर आहे, २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतः केलात तरी चालतो.

आता मामांचा ड्रॉप. सीईटी किंवा नीटवाले वर्ष थांबतात, कारण परीक्षा पुन्हा देता येते आणि गुण वाढू शकतात. डायरेक्ट सेकंड इयरला प्रवेश परीक्षाच नाही. गुणवत्ता यादी डिप्लोमाच्या टक्क्यांवर लागते आणि ते टक्के आता कायमचे झाले. तुम्ही केळीवाले आहात, कापलेला घड वर्षभराने पुन्हा काट्यावर ठेवला तर वजन वाढतं का? पुढच्या वर्षी ती त्याच ९१ टक्क्यांनी त्याच रांगेत उभी राहील, फक्त समोर नवीन बॅच असेल आणि त्यांच्यातही पंच्याण्णववाले असतील. तोवर हातातली जागा गेलेली असेल, गणित विसरलेलं असेल, आणि घरात तेच नातलग असतील. दाखला वेळेत काढून ओबीसीतून प्रयत्न करू म्हणाल, तर एका शाखेत ओबीसीला एखादी जागा असते. एका जागेवर मुलीचं अख्खं वर्ष लावू नये. हा सल्ला ज्यांनी दिला त्यांनी प्रवेशाचे नियम वाचलेले नाहीत, इतकं मी नक्की सांगते.

पुण्याच्या त्या माणसाचा नंबर ब्लॉक करा. ठरलेल्या फीच्या वर पैसे मागणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याहून मोठा तोटा तुमच्या लक्षात आलेला नाही. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल, तर ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४ पासून पूर्ण माफ आहे. ते फक्त केंद्रीभूत, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीतून लागलेल्या प्रवेशाला. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर जागा घेतली की ही माफी गेली. म्हणजे दोन लाख वर द्यायचे, तीन वर्षांची फी भरायची, पुण्यात खोली घ्यायची, आणि तीन वर्षं मोटर-ट्रान्सफॉर्मर शिकलेल्या मुलीला एआयमध्ये बसवायचं. कशासाठी? पुणे हा शब्द सांगता यावा म्हणून?

ट्रान्सफरचंही तसंच. "इथे टाकून ठेवू, मग हलवू" हे ऐकायला सोपं वाटतं. तिकडच्या कॉलेजात त्याच शाखेची त्याच वर्षाची जागा रिकामी असावी लागते, दोन्ही कॉलेजांचं ना हरकत लागतं, विद्यापीठ बदललं की विद्यापीठाची मान्यता आणि विषयांची समकक्षता बघितली जाते. सीओईपी २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे, अभ्यासक्रम त्यांचा त्यांचा. जे विषय जुळत नाहीत ते पुढच्या वर्षाच्या डोक्यावर वेगळे बसतात. आणि वाईट म्हणजे जी मुलगी मनाने पुण्यात असते ती जळगावच्या लॅबमध्ये नसते. ट्रान्सफरचा विषय डोक्यातून काढा.

कागदांचं बघा. दहावीची गुणपत्रिका, सगळ्या सत्रांच्या डिप्लोमाच्या गुणपत्रिका, पॉलिटेक्निकचा दाखला, डोमिसाइल, जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला. नॉन-क्रिमीलेअरही आता हातात घ्या, कारण महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर फी माफीचा अर्ज करताना तो लागतो. प्रवेश ओपनमधून झालेला असल्याने माफीचा अर्ज कुठल्या योजनेत भरायचा, हे कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर पहिल्याच दिवशी विचारून घ्या. पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यात येतात, तिचं खातं जोडलेलं आहे का तेही तपासा. आणि वसतिगृहाचा अर्ज करा. यावलहून रोज एसटीने ये-जा होते, मला माहीत आहे. तरी तिला तिथे राहू द्या. प्रवासाचे तास वाचतील, आणि खरं सांगायचं तर तुमच्या रोजच्या समजावण्यापासूनही थोडी सुटका होईल.

डिप्लोमाच्या मुलांचं खरं संकट कॉलेज नसतं, एम-थ्री, म्हणजे तिसऱ्या सत्राचं गणित असतं. लाप्लास, फोरिअर, डिफरन्शियल इक्वेशन्स. बाकीच्या मुलांचं पहिल्या वर्षात एम-वन, एम-टू झालेलं असतं, हिचं नाही. त्यातून डायरेक्टचे प्रवेश उशिरा होतात, वर्ग सुरू होऊन काही आठवडे गेलेले असतात, आणि पहिली चाचणी तोंडावर येते. म्हणून रिपोर्टिंग (कॉलेजात हजर होऊन प्रवेश पक्का करणं) झालं की त्याच आठवड्यात कॉलेजच्या संकेतस्थळावरून तिसऱ्या सत्राचा अभ्यासक्रम उतरवून घ्यायचा. पहिल्या वर्षाची पुस्तकं एखाद्या सीनिअरकडून आणायची. रोज दीड तास: आधी इंटिग्रेशन, मग पार्शल फ्रॅक्शन, मग पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि कॉम्प्लेक्स नंबर. तीन आठवडे. पार्शल फ्रॅक्शन कच्चं राहिलं तर इन्व्हर्स लाप्लास कधीच सुटत नाही, मुलं लाप्लासला दोष देत बसतात. ब्रिज कोर्स असेल तर एकही तास चुकवू नये. हिचे गुण तीनच वर्षांच्या सहा सत्रांवर मोजले जाणार, म्हणून पहिलं सत्र बिघडलं तर भरून काढायला जागा कमी, आणि बॅकलॉग असलेल्याला बऱ्याच कंपन्या मुलाखतीलाही बसू देत नाहीत. मशीन्सच्या लॅबमध्ये मात्र तीच पुढे असेल. बारावीवरून आलेली मुलं इंडक्शन मोटर पहिल्यांदा बघत असतात, हिने ती उघडलेली आहे.

इलेक्ट्रिकलला जळगाव काही वाईट गाव नाही. दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र जवळ आहे, एमआयडीसीत पाइप, चटई आणि डाळ मिलवाल्यांकडे मोटर-ड्राइव्हचं काम बारमाही. सुट्टीतल्या इंटर्नशिपसाठी पुण्याला जाऊन खोली शोधायची गरज नाही. पुढे मोठं नाव हवंच असेल तर तिसऱ्या वर्षापासून गेट (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) देता येते. एसएससीची जेई (केंद्र सरकारी ज्युनिअर इंजिनिअर भरतीची) परीक्षा तर ती डिप्लोमावरच देऊ शकते.

रिपोर्टिंगची शेवटची तारीख अलॉटमेंट लेटरवर छापलेली असते, ती चुकली की जागा रद्द होते. हे वाचून झालं की आधी ते पत्र काढा. कॉलेजला जाताना मामांना नका नेऊ, आणि फाइल तिच्या हातात द्या.