पिवळी पालिओ खरंच सचिनवाली आहे का?

प्रश्न : नमस्कार. आमच्या बाबांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी फियाट पालिओ घेतली, पिवळी, वर एस-१० चे स्टिकर. घरात तिला सगळे सचिनची गाडीच म्हणायचे. बाबा मागच्या दिवाळीत गेले. गाडी वर्तकनगरला सोसायटीत चार वर्षं कव्हर घालून उभी आहे, आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय म्हणून पार्किंग रिकामं करायचंय. एक डीलर म्हणतो लिमिटेड एडिशन आहे, मला द्या. शेजारचे काका म्हणतात साधी पालिओ आहे हो, स्टिकर काय कुणीही लावतं. भंगारवाला वजनावर न्यायला तयार आहे आणि आई म्हणते विकायची नाही. ओळखायचं कसं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सगळ्यात आधी, डीलर आणि भंगारवाला दोघांनाही सांगा की महिनाभर थांबा, आणि गाडीला पॉलिश, डेंटिंग-पेंटिंग काहीही करून घेऊ नका, कारण खरं-खोटं सांगणाऱ्या खुणा त्यातच पुसल्या जातात.

सचिन तेव्हा फियाटच्या जाहिरातीत होता. २००२ मधे ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली म्हणून फॉर्म्युला वनच्या शूमाकरच्या हस्ते त्याला फेरारी मिळाली तीही त्याच नात्यातून, कारण फेरारी तेव्हा फियाटचीच होती. त्याच्या नावाने काढलेली पालिओ म्हणजे एस-१०, फक्त ५०० गाड्या. आणि आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे ती १.६ लिटर इंजिनाच्या जीटीएक्स या मॉडेलवर बेतलेली होती. तेव्हा पालिओ १.२ पेट्रोल आणि १.९ डिझेलमधेही यायची आणि रस्त्यावर जास्त दिसायची ती १.२ च.

म्हणून स्टिकरकडे बघूच नका, आरसी काढा. त्यात क्युबिक कपॅसिटी, म्हणजे इंजिन किती सीसीचं ते, लिहिलेली असते. १५९६ असेल तर पुढे बोलू, १२४२ असेल तर काका बरोबर आहेत, मग वर सचिनची सही असली तरी. आरसीवर रंगही असतो. तिथे सिल्व्हर किंवा व्हाइट असेल आणि गाडी पिवळी, तर नंतर रंगवलेली आहे हे उघड आहे. पण नुसत्या १५९६ वर नाचू नका, साधी जीटीएक्सही १५९६ चीच.

आता गाडीकडे. दाराच्या चौकटीचं काळं रबर एका कोपऱ्यातून बोटाने हळूच ओढा, ते नुसतं दाबून बसवलेलं असतं, आणि खालचा पत्रा बघा. डिकीत स्टेपनी उचलून तिच्या खालचा पत्रा बघा, बॉनेटच्या आतली बाजू बघा. कंपनीतून पिवळी आलेली गाडी तिथेही पिवळीच असते. मला एकदा कळव्याला अशीच एक पिवळी पालिओ बघायला बोलावलं होतं, बाहेरून इतकी सुंदर की मी पण हरखलो होतो, रबर ओढलं तर खाली चक्क सिल्व्हर, आणि रबराच्या कडेला पिवळ्या स्प्रेचे बारीक थेंब वाळलेले. मालकाचा चेहरा अजून आठवतो, त्याने एस-१० चे पैसे मोजले होते.

मग बाबांची फाइल. त्या पिढीतले लोक गाडीचा कागद टाकत नाहीत, त्यामुळे मला इथे खूप आशा आहे. शोरूमचं मूळ बिल, वॉरंटी बुक, पहिल्या वर्षाची इन्शुरन्स पॉलिसी, यात मॉडेलचं पूर्ण नाव कुठेतरी सापडतं. आरटीओच्या फॉर्मची झेरॉक्स असेल तर त्यावर चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट बघा, गाडीवर कोरलेल्या नंबरवर कागद धरून पेन्सिल घासून घेतलेली असते ती. तो नंबर, आरसीवरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर, तिन्ही अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. इंजिन नंबरही तपासा, इंजिन बदललेल्या जुन्या गाड्या कमी नाहीत. हे सगळं जुळलं आणि बिलावर एस-१० निघालं तर वाद संपला. एकटा स्टिकर किंवा सही मी पुरावा धरत नाही.

एक विनंती. डीलर चालू करून बघूया म्हणेल, जंपस्टार्ट देऊ देऊ नका. चार वर्षांचं पेट्रोल खराब झालेलं असतं, आणि १.६ ला टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा) आहे, जुना बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उघडावं लागतं. आधी पेट्रोल काढा, बेल्ट बदला, मग चावी. पार्किंगमधून हलवायला फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक, बोलवा, ओढत नेऊ नका.

कागदाचं काम मात्र लगेच हातात घ्या. मालक गेल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर अर्ज करायचा असतो. तुमचा वेळ उलटून गेलाय, तरी जा, आईंच्या नावावर करा. रजिस्ट्रेशन १५ वर्षांनी रिन्यू केलं होतं का तेही बघा, नसेल तर पासिंग आणि पर्यावरण कर भरावा लागेल. विंटेजमधे टाकू असं कुणी सुचवलं तर त्याला गाडी ५० वर्षांवरची लागते, तुमची बसत नाही.

विकायची नाही हे आईंनी सांगितलंच आहे, आणि ती १.२ निघाली तरी मी त्यांच्याच बाजूने आहे. आरसीचा आणि रबराखालच्या पत्र्याचा फोटो पाठवा, मी स्वतः बघतो.